भाच्याची रेल्वे आणि मी दिलेला एक फोन नंबर

परवा भाच्याचा फोन आला. इथं राजस्थानात आमच्या पोस्टवर रेंज धड नसते, टाकीवर चढलं की दोन कांड्या दिसतात. मी टाकीवर, आणि तो तिकडं सोलापूरकडं कुठंतरी रुळाच्या कडेला. म्हणाला, "मामा, फोटो पांढऱ्या भिंतीपुढं काढा. टोपी नको, गॉगल नको. सही काळ्या शाईनं, अक्षरं सुटी नकोत. आणि फॉर्म स्वतः भरा. कुणाला भरायला देऊ नका."

शेवटचं वाक्य म्हणताना तो हसला. मीही हसलो. पण त्या हसण्यामागं तीन वर्षांपूर्वीचं बेंगळुरू आहे. ते आजवर इथं लिहिलं नव्हतं, कारण त्यात माझी चूक आहे. आता माझाच फॉर्म भरायची वेळ आली आहे, तर लिहून टाकतो. कुणाच्या तरी कामाला येईल.

माझं बेंगळुरूचं पोस्टिंग २०२१ च्या ऑक्टोबरातलं. युनिटचं नाव लिहिता येत नाही, ते नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. त्याआधी मी उंचावर होतो, त्यामुळं बेंगळुरू म्हणजे सुट्टीच वाटायची. त्यात माझा सख्खा भाचा त्याच शहरात, जयनगरला. फौजेत सतरा वर्षं झाली, पण पोस्टिंगच्या गावी आपलं माणूस असण्याचा योग मला तेवढा एकदाच आला.

भाचा जयनगरला कसा, ते आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. आम्ही विट्याकडचे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा सगळा पट्टा कोरडा. पाऊस नाही म्हणून जुनी माणसं गलाई करायला बाहेर पडली आणि देशभर पसरली. भारतातलं असं मोठं शहर नाही जिथं सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात आमच्याकडचा गलाईवाला बसलेला नाही. जुनं सोनं वितळवायचं, गाळायचं, टंच काढून द्यायचा. माझ्या दाजींनी आयुष्य कोइमतूरला त्याच भट्टीपुढं काढलं. तेजाबाच्या धुरानं छाती धरली तेव्हा ते गावी परतले. ताईनं तेव्हाच ठरवलं होतं, पोरगं भट्टीपुढं बसणार नाही. पण लॉकडाऊन आलं, घरात पैसा नाही, आणि पोरगं शेवटी भट्टीपुढंच बसलं. जयनगर फोर्थ ब्लॉकला सराफी दुकानं भरपूर आहेत. त्यातल्या एका दुकानामागं दहा बाय दहाच्या खोलीत तो काम करायचा आणि वरच्या माळ्यावर झोपायचा.

रविवारी आउटपास मिळाला की मी एमजी रोडला मेट्रोत बसायचो, मॅजेस्टिकला गाडी बदलायची आणि जयनगरला उतरायचं. जयनगर १९४८ साली आखून वसवलेलं. रस्ते सरळ, झाडं मोठी, ब्लॉकला नंबर. फौजी माणसाला लगेच पटेल असं. फोर्थ ब्लॉकच्या कॉम्प्लेक्सजवळ एका दर्शिनीत उभ्यानं कॉफी प्यायची, मग अशोक पिलरपर्यंत चालत जायचं. बोलायला विषय एकच, त्याची रेल्वे.

त्यानं रेल्वेचा फॉर्म २०१९ मध्ये भरला होता. ग्रुप डी, म्हणजे आता ज्याला लेव्हल वन म्हणतात ते. ट्रॅकमेन्टेनर, पॉइंट्समन, हेल्पर अशा जागा. जागा १,०३,७६९ आणि अर्ज १ कोटी १५ लाखांच्या वर. भाचा तेव्हा नुकता अठरा पूर्ण. विट्याच्या एका कॅफेत बसून फॉर्म भरला, पाचशे रुपये फी भरली आणि अभ्यासाला लागला. परीक्षा कधी? पत्ता नाही. २०१९ गेलं, २०२० कोरोनात गेलं, २०२१ ही निघालं. आमच्याकडं मूव्ह ऑर्डर उशिरा येते म्हणून पोरं कुरकुरतात. इथं एक कोटी पोरं तीन वर्षं फॉल-इन होऊन उभी होती.

आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याला कळलं की आपला अर्जच बाद आहे. फोटो नियमात बसत नाही. कॅफेवाल्यानं जुन्या फोटोचा फोटो काढून चिकटवला होता. असे सुमारे ४ लाख ८५ हजार अर्ज फोटो-सहीवरून बाद ठरले होते. रेल्वेनं दुरुस्तीसाठी एकदाच लिंक उघडली, थोड्या दिवसांसाठी. भाच्यानं मला रात्री फोन केला तेव्हा आवाज फुटत नव्हता. "मामा, तीन वर्षं फुकट गेली."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमची भरती म्हणजे मैदानात पळायचं, छाती फुगवायची, मेडिकल, मग लेखी. लिंक, पासवर्ड, किलोबाइट हे आपलं काम नव्हे. त्याच आठवड्यात कँटीनच्या लाइनीत एक माजी सैनिक भेटले होते. बोलण्यात एकदम साफ, बूट पॉलिश केलेले, जुन्या पलटणीच्या गोष्टी सांगणारे. रिटायर होऊन बेंगळुरूतच राहिलो म्हणाले. "रेल्वेतलं काही काम असलं तर सांगा, पोरांना मार्गदर्शन करतो." नंबर दिला. मी तो नंबर ताईला दिला. म्हणालो, "फौजी माणूस आहे, फॉर्मचं विचारून बघ."

एवढंच. एका वाक्याची चूक. आपल्या माणसाला आपण जेव्हा सांगतो की अमका फौजी आहे, तेव्हा आपण नुसता नंबर देत नाही, आपली इज्जत जामीन ठेवतो. हे मला तेव्हा सुचलं नाही.

फोटो तर भाच्यानं स्वतःच दुरुस्त केला. जयनगरच्या एका स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढं बसला आणि वेळेत अपलोड केला. त्या माणसाची गरजच पडली नाही. मी नंबर विसरून गेलो. ताई आणि दाजी विसरले नाहीत.

२०२२ च्या जानेवारीत आणखी घोळ झाला. रेल्वेनं जाहीर केलं की ग्रुप डीला एक नाही, दोन परीक्षा होतील. बिहार आणि उत्तर प्रदेशात पोरं रुळांवर उतरली, जाळपोळ झाली. मार्चमध्ये रेल्वेनं निर्णय मागं घेतला, परीक्षा एकच राहिली. पण गावात बसलेल्या आईबापाला टीव्हीवर काय दिसतं? पेटलेली गाडी. अशा वेळी कुणी फोनवर शांतपणे सांगितलं, "काळजी करू नका, आपलं आतून होतंय," की माणूस विरघळतो. दाजींनी कुणाला न सांगता एक लाख रुपये पाठवले. सहा लाखांतला पहिला हप्ता. आणि 'हमी म्हणून' भाच्याची दहावीची मूळ मार्कशीट कुरिअर केली.

मला कळलं जूनमध्ये. रविवारी मी नेहमीप्रमाणं दर्शिनीपाशी उभा होतो. भाचा आला, पण कॉफी घेईना. म्हणाला, "मामा, अण्णा अर्धा एकर विकायला काढतायत. तुमच्या माणसाला दुसरा हप्ता द्यायचाय म्हणे."

तुमच्या माणसाला. मी कप तसाच ठेवला.

मग त्यानं मोबाइल पुढं केला. त्या माणसानं दाजींना व्हॉट्सअॅपवर एक 'जॉइनिंग लेटर' पाठवलं होतं. वर भारत सरकारचं चिन्ह, खाली शिक्का, इंग्रजीत मजकूर. दाजींनी ते छापून देवघरात ठेवलं होतं. मी बघितलं, मला तर खरंच वाटलं. भाचा म्हणाला, "चला वर, टंच काढू."

त्या माळ्यावर, तेजाबाच्या वासात, आम्ही दोघांनी त्या पत्राचा टंच काढला. एका बाजूला ते पत्र, दुसऱ्या बाजूला भरतीची मूळ जाहिरात. ती पोरानं तीन वर्षांत इतक्यांदा वाचली होती की पान नंबरासकट पाठ. पहिली गोष्ट, परीक्षाच अजून झालेली नाही, मग जॉइनिंग कसलं? दुसरी, पत्रावरचा रोल नंबर. परीक्षेचं कॉल लेटर आल्याशिवाय रोल नंबर मिळतच नाही, त्याच्याकडं फक्त रजिस्ट्रेशन नंबर होता. तिसरी, संपर्काचा ईमेल जीमेलचा. सरकारी कचेरीचा पत्ता जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा संपतो. चौथी, पोस्ट लिहिली होती टीसीची आणि त्यानं अर्ज भरला होता ग्रुप डीचा. टीसी ग्रुप डीतून थेट भरतच नाहीत. पाचवी मी शोधली, कारण ती फौजी डोळ्यालाच दिसते. पत्रावर तारीख होती रविवारची. कारकून रविवारी सही घेत नाही.

"पितळ आहे मामा," भाचा म्हणाला. "वरून नुसता मुलामा."

मी त्या माणसाला फोन केला आणि पुढच्या रविवारी फोर्थ ब्लॉकला बोलावलं. मधला आठवडा झोप लागली नाही. शनिवारी हिय्या करून आमच्या सुभेदार साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या बसतील. बसल्याही. मग त्यांनी विचारलं, "तू कमिशन घेतलंस?" म्हटलं, नाही साहेब. "मग घाबरतोस कशाला? उद्या मी येतो."

तो माणूस वेळेवर आला, हे मानलं पाहिजे. तसाच साफसुथरा. मी पत्राबद्दल विचारलं तर म्हणाला, हे फक्त नमुन्याचं पत्र, खरं नंतर. मी मार्कशीट मागितली तर सूर बदलला. हिंदीत म्हणाला, नंबर तुम्हीच दिलात ना? तक्रार झाली तर पहिलं नाव तुमचं येईल. नोकरीत आहात, विचार करा.

खरं सांगतो, त्या क्षणी पाय लटपटले. इतक्या वर्षांची नोकरी, पेन्शन, बायको, पोरं, सगळं डोळ्यापुढून गेलं. लाइनीवर भीती वाटते तेव्हा शेजारी चार जण असतात. इथं बाजारात, संध्याकाळच्या गर्दीत, फुलवालीच्या टोपलीशेजारी मी एकटाच होतो. तेवढ्यात मागच्या टेबलावरून सुभेदार साहेब कप घेऊन पुढं आले आणि शांतपणे म्हणाले, "त्याचं नाव मी कालच लिहून घेतलंय. आता तुमचं सांगा. पलटण कुठली, नंबर काय, रेकॉर्ड ऑफिस कुठलं?"

पलटणीच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला स्वतःचा आर्मी नंबर सांगता आला नाही. फौजीला झोपेतून उठवून विचारा, नंबर तोंडातून निघतो. तो फौजी होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. पण मी ते एकदाही विचारलं नव्हतं. बूट बघून विश्वास टाकला होता.

मंगळवारी मार्कशीट परत आली आणि चाळीस हजार. उरलेले साठ हजार गेले. मी पोलिसांत जाऊ म्हणालो, दाजी नको म्हणाले. गावात बोभाटा होईल, पोराच्या नोकरीत अडचण येईल. मी ऐकलं. मार्कशीट हातात आली, अर्धा एकर वाचला, गप्प बसलो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

परीक्षा ऑगस्ट २०२२ च्या मध्यात सुरू झाली आणि ऑक्टोबरपर्यंत चालली. परीक्षेचं शहर थोडे दिवस आधी कळतं, कॉल लेटर फक्त चार दिवस आधी. भाच्याला केंद्र पुण्यात आलं. उद्यान एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दाराजवळ बसून गेला. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. गणित २५, विज्ञान २५, बुद्धिमत्ता ३०, चालू घडामोडी आणि सामान्य ज्ञान २०. चुकलेल्या तीन उत्तरांना एक मार्क जातो. पेपर मराठीत देता येतो, हे अजून आपल्याकडच्या पुष्कळ पोरांना माहीत नाही. एकूण पंधरा भाषा आहेत. भाच्यानं मराठीच घेतली होती.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. परीक्षेनंतर ऑक्टोबरात प्रत्येकाला त्याचा पेपर, त्यानं दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं स्क्रीनवर दाखवली गेली. उत्तर चुकीचं वाटलं तर पन्नास रुपये भरून आक्षेप घेता येत होता, आणि आक्षेप खरा निघाला तर ते परत. म्हणजे आपले किती बरोबर आले हे ज्याचं त्याला निकालाआधीच कळतं. वेगवेगळ्या दिवसांचे पेपर सोपे-अवघड असतात म्हणून मार्क नंतर समान पातळीवर आणतात, पण मूळ हिशेब आपल्या हातात असतो. भाच्यानं तो वहीत लिहून ठेवला. त्या वहीचा पुढं उपयोग झाला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंगरमध्ये पेपर वाचताना एक बातमी दिसली आणि घास घशात अडकला. तमिळनाडूच्या अठ्ठावीस पोरांना रेल्वेत टीटीई, क्लार्क अशा जागा देतो म्हणून २ कोटी ६७ लाखांना फसवलं होतं. जून-जुलैमध्ये त्यांना दिल्लीला नेलं आणि ट्रेनिंग म्हणून नवी दिल्ली स्टेशनच्या वेगवेगळ्या फलाटांवर उभं केलं. काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायचे. रोज आठ तास, महिनाभर. शिकलेली पोरं वही घेऊन गाड्या मोजत होती आणि घरी सांगत होती की नोकरी लागली.

आणि पोलिसांत तक्रार कुणी दिली? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका माजी सैनिकानं. आपल्या भागातल्या पोरांचं भलं होईल म्हणून त्यांनीच ती पोरं त्या लोकांपर्यंत नेली होती, कुठलाही स्वार्थ नसताना. कळल्यावर या वयात स्वतः पुढं होऊन तक्रार केली.

ती बातमी मी तीनदा वाचली. आमचा माणूस जूनमध्ये भेटला होता. त्याच जूनमध्ये ही पोरं फलाटावर उभी होती. मी साठ हजारांवर पाणी सोडून गप्प बसलो, पण तो तर कँटीनच्या लाइनीत परत उभा राहिला असणार. माझ्यानंतर किती जणांना नंबर दिला असेल? त्या म्हाताऱ्या सैनिकानं जे केलं ते मला छत्तीशी गाठायच्या आत जमलं नव्हतं. दाजींना न विचारता मी त्याच आठवड्यात लेखी तक्रार दिली. व्हॉट्सअॅपचे मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद, ते पत्र, सगळं जोडलं. खाली माझं नाव, नंबर, रँक.

२२ डिसेंबरला निकाल लागला. भाचा पास.

भट्टी बंद करून तो खाली आला आणि रस्त्यातच बसला. मी फोनवर ऐकत होतो, मागं रिक्षावाला कन्नडमध्ये ओरडत होता, आणि हा नुसता "मामा, मामा" करत होता.

दोन दिवसांनी दाजींना त्या माणसाचा फोन. "बघा, करून दाखवलं की नाही? आता राहिलेले पाच लाख." ही त्यांची जुनी रीत आहे, ती मला नंतर कळली. पन्नास पोरांकडून पैसे घ्यायचे आणि काहीच करायचं नाही. जी आपल्या बळावर लागतात त्यांच्याकडून उरलेले वसूल करायचे, न लागलेल्यांना टोलवायचं. झाड लावायचं नाही, पाणी घालायचं नाही, फक्त आंबे उतरवायला यायचं.

दाजी हादरले. ताईला म्हणाले, "खरंच त्याच्यामुळंच लागलं असलं तर? देऊन टाकू का?"

पैशाचं मला तेव्हा काही वाटलं नाही. पण हे शब्द भाच्याच्या कानावर गेले तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. पास झाल्याचा आनंद पुसून गेला. भट्टीपुढं दिवसभर बसून रात्री माळ्यावर बल्बखाली गणितं सोडवणारं पोर, आणि बापालाच वाटतं की दुसऱ्यानं केलं. दलाल पैसे नेतो हे सगळे सांगतात. पण पोरानं कमावलेलं यशही तो आपल्या नावावर करून घेतो, हे कुणी सांगत नाही. जमीन पुन्हा घेता येते. हे परत कुठून आणायचं?

भाच्यानं बापाकडून फोन नंबर घेतला आणि स्वतः लावला. मी शेजारी होतो. शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही केलंत ना? मग माझे शंभरातले किती बरोबर आले ते सांगा. गणितात किती चुकले? तुमच्याकडं असेलच." पलीकडं थोडा वेळ गप्प. मग फोन कट. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. आमच्या तक्रारीवर नंतर दोनदा जबाब झाला. साठ हजार मिळाले नाहीत. मी ते पगारातून थोडे थोडे ताईला द्यायला लागलो, तिनं दोन हप्ते घेतले आणि तिसऱ्याला पैसे परत पाठवून म्हणाली, "आता बास."

जानेवारीत शारीरिक चाचणी. नियम असा, पस्तीस किलो वजन उचलून शंभर मीटर, दोन मिनिटांत, मध्ये खाली ठेवायचं नाही. आणि एक हजार मीटर धावणं सव्वाचार मिनिटांत. दोन्हीला एकच संधी. मुलींना वीस किलो आणि पाच मिनिटं चाळीस सेकंद. हे मात्र आपलं खातं. जयनगरच्या शालिनी मैदानावर पहाटे मी त्याला पळवलं. एक पोतं घेतलं, वाळू भरली, सराफाच्या मोठ्या काट्यावर नेऊन वजन केलं. सोनं मोजणाऱ्या माणसानं वाळू मोजायला घेतली तेव्हा त्यालाच हसू आलं. पहिल्या दिवशी भाच्यानं साठ मीटरवर पोतं टाकलं. मी सांगितलं, वजन खांद्याच्या टोकावर नको, मानेजवळ घे, पावलं लहान टाक, श्वास रोखू नको. धावताना पहिल्या चारशेत जोर लावू नको, तिथंच पोरं संपतात. तीन आठवड्यांत तो हजार मीटर तीन मिनिटं पन्नासवर आला.

चाचणीला दाजी त्याच्याबरोबर गेले. छाती साथ देत नव्हती, तरी गेले. मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यांनी पोराला पोतं उचलताना बघितलं. संध्याकाळी मला फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोतं त्यानं एकट्यानंच उचललं रं. हात लावायला कुणी आलं न्हाई." माझ्या मते भाच्याची नोकरी त्या संध्याकाळी लागली. कागदावर नंतर लागली.

पुढं कागदपत्रं तपासली. तिथं दहावीची मूळ मार्कशीट लागली, तीच, जी एका अनोळखी माणसाच्या कपाटात पडून होती. मग मेडिकल. वेगवेगळ्या पदांना डोळ्यांचे वेगवेगळे निकष असतात. पॉइंट्समनला कडक, वर्कशॉपच्या हेल्परला थोडे सैल. त्यामुळं पसंतीक्रम देताना आधी डोळे तपासून घ्यावेत, हे माझं प्रत्येक पोराला सांगणं आहे. मेडिकलची फी चोवीस रुपये.

आता हिशेब करा. फॉर्मचे पाचशे, परीक्षेला बसल्यावर त्यातले चारशे परत, बँकेचे किरकोळ चार्ज सोडून. मेडिकलचे चोवीस. म्हणजे रेल्वेनं माझ्या भाच्याकडून नोकरीसाठी घेतले साधारण एकशे चोवीस रुपये. दलालानं मागितले सहा लाख.

आज तो ट्रॅकमेन्टेनर आहे. काम सोपं नाही. उन्हाळ्यात रूळ तापतो, पावसाळ्यात रात्रीची गस्त असते, आणि कानाला सतत गाडीची चाहूल ठेवावी लागते. पण तो म्हणतो, "मामा, भट्टीपेक्षा हवा चांगली आहे." ताईनं देवघरातलं ते खोटं पत्र काढून टाकलं नाही. खऱ्या नेमणूक पत्राच्या मागं ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना दोन्ही दाखवते आणि फरक ओळखायला लावते.

आणि आता माझी पाळी. सतरा वर्षं पूर्ण झाली, पेन्शनचा अर्ज दिलाय. रेल्वेची लेव्हल वनची ३२,४३८ जागांची जाहिरात आली होती, फॉर्म १ मार्च २०२५ पर्यंत भरायचे होते. आपल्या जवान मित्रांसाठी सांगतो. यात माजी सैनिकांना वीस टक्के जागा राखीव असतात, ग्रुप सीमध्ये दहा टक्के. वर्षाच्या आत रिटायर होणारा जवानही फॉर्म भरू शकतो. वयातून नोकरीची वर्षं आणि वर तीन वर्षं वजा होतात. फी अडीचशे, परीक्षेला बसलात की परत. यातल्या कितीतरी जागा दरवेळी रिकाम्या राहतात, कारण आपण अभ्यास सोडलेला असतो, नाहीतर कुणा 'ओळखीच्या' माणसाची वाट बघत बसतो. मी रात्री ड्यूटी संपल्यावर दहावीचं विज्ञान वाचतोय. प्रकाशाचं परावर्तन. भाचा फोनवर प्रश्न विचारतो आणि चुकलो की रागावतो.

काल पोस्टवरच्या एका जवानानं विचारलं, "उस्ताद, माझ्या भावाला रेल्वेचं बघायचंय, कुणाचा नंबर आहे का?" मी म्हटलं, आहे. आणि भाच्यानं पाठवलेली जाहिरातीची पीडीएफ त्याला दिली. म्हटलं, आधी ही पूर्ण वाच. सगळे नंबर यातच आहेत.

जय हिंद.